नाकेदाराची फटफटी

ज्या माणसाने आयुष्यात कधी भाव केला नाही, त्याच्याबद्दल लोक फार आदराने बोलतात. एका शब्दाचा माणूस, म्हणतात. त्या माणसाला मी चार वर्षं माल विकला आणि माझ्या घराची भिंत त्याच्या घराच्या भिंतीला लागून होती, तेव्हा मला विचारा. तो एका शब्दाचा नव्हता, बिनशब्दाचा होता. आणि बिनशब्दाच्या गिऱ्हाइकाइतकं महाग गिऱ्हाईक दुसरं नाही.

तो जंगल खात्यातला नाकेदार. मी ओळखायला लागलो तोवर निवृत्त झाला होता, पण नाका त्याच्या अंगातून गेला नव्हता. तीस वर्षं त्याने रस्त्यावर आडवा दांडा टाकून सागाच्या गाड्या अडवल्या. ओंडक्यावर खात्याच्या हातोडीचा ठसा असतो. तो ठसा पासाशी ताडून पाहायचा, जुळला तर दांडा वर, नाही तर गाडी बाजूला. त्याच्या बरोबरीच्या नाकेदारांची घरं आजही पाहा. तुळया सागाच्या, दारं सागाची, देवघर सागाचं. ह्याच्या घराला कडुनिंबाचं एक दार होतं, ते पावसाळ्यात लागायचं नाही आणि उन्हाळ्यात उघडं राहायचं. लाच घेतली नाही म्हणे. नसेल घेतली, मी नाही म्हणत नाही. पण न घेतलेल्या लाचेचा जो ताठा असतो ना, तो घेतलेल्या लाचेपेक्षा जास्त दिसतो. दोन्ही हात पाठीमागे बांधून तो बाजारातून चालला की वाटायचं, आता हा भाजीवालीच्या वांग्यावरचा ठसा तपासणार.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जे दिसतं ते विचारू नये, आणि जे दिसत नाही ते घेऊ नये." हे वाक्य तो इतक्या सावकाश म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यात काहीतरी आहे. मला काही सापडलं नाही. मी शाळा फार शिकलो नाही, पण जे दिसतं तेच विचारून मी पोट भरलं.

माझं दुकान पांढरकवड्याला हैदराबादच्या रस्त्यावर. ट्रकचं जुनं सामान. सुरुवात केली ती गोणपाटावर नटबोल्ट मांडून, बाभळीच्या सावलीत. पुढे पत्र्याचं छप्पर आलं, मग मागे कुंपण, मग कामठीच्या लष्करी लिलावातला माल. हे सगळं मी जिभेवर उभं केलं. मला कोणी उधार अक्कल दिली नाही आणि मी मागितली नाही.

आमच्या धंद्यात पहिला भाव म्हणजे भाव नसतो. तो नुसता राम राम असतो. रामरामाला कोणी पैसे देतं का? समोरच्याने राम राम म्हणायचं असतं, मग बसायचं असतं, मग बोलणं सुरू होतं. तांड्यावरचा एक म्हातारा माझ्याकडे यायचा. त्याच्या आज्याच्या काळी ते लोक बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. भाव करणं त्यांच्या रक्तात. एकदा तो टायरच्या बंडीसाठी जुना एक्सल पाहायला आला.

"केवढ्याले देतं?"

"साठ."

तो खाली बसला, विडी काढली. "साठमंदी तं मी तुलेबी संगं घेऊन जाईन."

"मले नेऊन काय करसान? बंडीले जुपसान?"

"एक बैल कमीच पडून राह्यला मले."

दुकानात होते नव्हते ते सगळे हसले. मीही हसलो. मग तो म्हणाला, "तीस."

"तीसमंदी झिजलेला भेटते."

"म्हंजे हा नाई झिजला?"

"या टोकाले झिजला हाय. बुश बसवा, दहा वर्षं पाह्यची गरज नाई."

"मंग तीसच झाले ना बाप्पा!"

चौतीसला तुटला, म्हणजे आमच्या भाषेत सौदा जमला. पाहा आता. मी झीज लपवली का? लपवली नाही. तो खाली ओढत गेला आणि मी एकेक पायरी खोट सांगत उतरत गेलो. मालाची खोट बाहेर येते ती अशीच. भाव करणं म्हणजे दोन माणसांनी मिळून माल तपासणं. ज्याला हे हलकं काम वाटतं त्याने दुकानात येऊ नये, सरळ देवळात जावं.

नाकेदार पहिल्यांदा आला तो इंजिन घ्यायला. कोणत्या तरी विलायती लष्करी फटफटीचं इंजिन माझ्याकडे कोपऱ्यात वर्षभर पडून होतं. मी असा काही चढा भाव सांगितला की सांगताना माझा मलाच ठसका लागला. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून तेवढे पैसे काढून माझ्या गल्ल्यावर ठेवले. हात मागे बांधले. माझ्याकडे बघत क्षणभर उभा राहिला. मला वाटलं, पावती हवी असेल. मग त्याने हातगाडीवाल्याला बोलावून इंजिन उचलून नेलं.

लोकांना वाटेल, मला आनंद झाला असेल. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. रामरामाला पैसे देऊन हा माणूस निघून गेला होता. जणू मी भिकारी, आणि माझ्याशी बोलायला त्याला वेळ नव्हता.

मग कळलं की तो घरच्या अंगणात फटफटी बांधतोय. तीही आजच्या चालीची नाही. त्या सुमारास नागपूरला नव्या चकचकीत मोटारसायकली फिरायला लागल्या होत्या. ह्याला हवी होती चाळीस वर्षांपूर्वीची. तो खात्यात नवा लागला तेव्हा एक इंग्रज जंगलसाहेब तशा फटफटीवर दौऱ्याला यायचा. चपटी टाकी दोन नळ्यांच्या मधे बसवलेली, चाकाला साखळीऐवजी कातडी पट्टा, पुढे गॅसचा दिवा, रबरी फुग्याचा भोंगा. साहेब कोणाला हात लावू देत नसे. हा हात मागे बांधून फक्त पाहायचा. हात मागे बांधण्याची सवय तिथलीच असणार. साहेब गेला, साहेबाचं राज्य गेलं, आणि ह्याच्या डोक्यात ती फटफटी राहिली. माणसाच्या डोक्यात काय काय राहतं! माझ्या डोक्यात कोणी ठेवायला काही दिलंच नाही, म्हणून जागा मोकळी राहिली आणि धंदा झाला.

त्याने अंगणातल्या भिंतीवर, म्हणजे माझ्याही भिंतीवर, कोळशाने ती पूर्ण फटफटी काढली. मापाबरहुकूम. साहेबाचा पाय जमिनीवरून कुठवर यायचा ह्यावरून त्याने उंची बसवली होती. दिवाळीला त्याची बायको भिंतीला चुना द्यायची तेव्हा तिला ते चित्र सोडून आजूबाजूने द्यावा लागे. तिला मी काकू म्हणायचो. ती म्हणायची, "भाऊ, लोकाईच्या भिंतीवर लक्षुमीचे पाय राह्यते. आमच्या भिंतीवर टायर हाय."

काकू बाई शहाणी. आठवडी बाजारात तिला भाव करताना मी लांबून पाहत उभा राहायचो, जसं कोणी गाणं ऐकतं. मूठभर कोथिंबिरीसाठी ती माळणीच्या सासरची चौकशी करी, तिच्या नातवाचा ताप विचारी, आणि शेवटी कोथिंबीर घेऊन वर दोन मिरच्या काढी. माझ्याकडून एकदा लोखंडी घमेलं घेताना तिने मला त्या घमेल्यात नसलेलीही खोट दाखवली. अशी बाई अशा माणसाच्या घरी तीस वर्षं कशी नांदली, हे मला कळलं नाही. तिच्या माहेरच्यांनाही कळलं नव्हतं. तिचं माहेर राळेगावचं, कापसाचं घर, वावरं बरी. भाऊ बोलायला तिखट. कोणत्याही कार्यक्रमाला ही दोघं गेली की तो चारचौघांत म्हणायचा, "आमचे जावई जंगलचे राजे, पण घरी बसाले सागाचा पाट नाई." काकू ते ऐकून घ्यायची. घरी येऊन मला भिंतीवरून सांगायची. नवऱ्याला काही म्हणाली असेल असं वाटत नाही.

फटफटी हळूहळू उभी राहत होती. सांगाडा त्याने स्वतः जोडला. टाकी कल्हईवाल्याकडून करून घेतली, पितळेची, आणि कल्हईवाल्याने सांगितलेला पहिला भाव दिला. पट्टा जिनिंगमधल्या यंत्राचा, निकामी झालेला, मधोमध चिरून. पुढचं मागचं मिळून दोन माणसांचं कापसाने भरलेलं आसन तांड्यावरच्या एका बाईने शिवून दिलं. तिने हौसेने कडेला आरसे लावले. नाकेदाराने ते एकेक करून उसवले, कारण साहेबाच्या आसनाला आरसे नव्हते. साहेबाच्या आसनामागे काकूही नव्हती, पण ते त्याला चाललं. पुढच्या फाल्गुनात राळेगावला भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. त्या दिवशी काकूला मागे बसवून फटफटीवर जायचं, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. काकू मला म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी माह्या भावाचं तोंड पाह्यसारखं राह्यीन." तिने त्यासाठी हिरवं लुगडं बाजूला काढून ठेवलं होतं.

बाकी सगळा माल माझा. चाकं, मॅग्नेट, कार्ब्युरेटर, सगळं. दर वेळी तेच. मी चढा भाव सांगायचो, मुद्दाम, त्याला डिवचायला. तो पैसे ठेवायचा, हात मागे, क्षणभर बघत उभा, आणि चालता. मी दर वेळी अजून चढा भाव सांगायचो. कधीतरी हा तोंड उघडेल म्हणून. एकदा मी चिडून म्हणालो, "नाकेदारसाहेब, काही बोलत जा ना. महाग वाटते का, स्वस्त वाटते का?"

"माल डोळ्यासमोर आहे शेठ," तो म्हणाला. "बोलायचं काय?"

आता मूळ गोष्टीकडे येतो.

पुढच्या चाकाचा फोर्क. चार नळ्यांचा, जुन्या घडणीचा, त्याला हवा तसाच. लिलावातल्या ढिगाऱ्यातून माझ्याकडे आला होता. डाव्या नळीला वरून चार बोटांवर तडा गेलेला, आणि कोणीतरी पितळेचा टाका मारलेला. टाका बरा होता. पण टाका तो टाकाच. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. मी पंचवीस म्हणणार, तो कधी नव्हे ते दहा म्हणेल, मी म्हणेन, दहामध्ये टाक्याचा मिळतो, तो म्हणेल, ह्याला टाका आहे का, मी म्हणेन, आहे, हा पाहा. मग घे नाही तर राहू दे.

"पंचवीस," मी म्हणालो.

त्याने पंचवीस ठेवले. हात मागे. क्षणभर उभा.

मी काय करायला हवं होतं? लोक मला नंतर हे फार विचारायचे. सांगायचं होतं, म्हणायचे. पण माझं डोकं तापलं होतं. चार वर्षं ज्याने माझ्याशी बोलणं केलं नाही, त्याने विचारल्याशिवाय मी त्याला माझ्या मालाची खोट ओंजळीत घालून द्यायची? तो विचारणार नाही, तर मी सांगणार नाही. तो फोर्क खांद्यावर टाकून गेला.

आठ दिवसांनी भिंतीवरून पाहिलं तर फोर्क बसलेला, वर काळा रंग दिलेला. टाका दिसेनासा झाला होता. त्या काळ्या रंगाने माझी झोपच उडवली. तोवर मनात होतं की कधी ना कधी त्याला दिसेल, तो भांडायला येईल, मी भांडेन, पैसे परत फेकेन, संपेल. आता दिसण्याची सोय राहिली नाही. आणि फटफटी रस्त्यावर काढायचा दिवस जवळ येत होता. पांढरकवड्याहून राळेगावचा रस्ता तेव्हा काय होता हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. अर्धा खडी, अर्धा खड्डे, मधे नाले. पुढचा फोर्क गेला म्हणजे माणूस हँडलवरून उडतो. मागचं माणूस त्याच्याही पुढे जाऊन पडतं.

सरळ जाऊन सांगावं, असं रोज सकाळी ठरवायचो. दुपारपर्यंत तोंडातून निघायचं नाही. गावभर माझं नाव होतं की ह्याच्याकडे भाव करून घेतलेला माल फसत नाही. भाव न करता घेतलेल्या मालाचं कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटी साक्षगंधाला आठ दिवस उरले. फटफटी दुसऱ्या दिवशी प्रथम बाहेर निघणार होती; तोवर त्याने ती अंगणातच ठेवली होती, कारण अर्धवट वाहन रस्त्यावर नेणं त्याच्या नियमात बसत नव्हतं. मी दुकान लवकर बंद केलं आणि त्याच्या अंगणात गेलो. तो टाकीला फडकं मारत होता. काकू ओट्यावर सुपात तूर पाखडत होती.

"नाकेदारसाहेब, तो फोर्क मले वापस पाह्यजे."

"कशासाठी?"

"गिऱ्हाईक आलं हाय."

"विकायचा नाही."

"तीस देतो."

"नाही."

"पस्तीस."

तो टाकी पुसत राहिला. मी चाळीस म्हणालो, पंचेचाळीस म्हणालो. जन्मात मी कधी स्वतःच्या विरुद्ध भाव चढवला नव्हता. समोरच्याने काही न बोलता मला उचलून एकेक पायरी वर चढवत न्यावं, तसं चाललं होतं. कपाळावर घाम आला.

"पन्नास. नाकेदारसाहेब, पन्नास! दुसरा फोर्क देतो वरून. नवा. तुमाले बसवून देतो."

"हाच योग्य आहे. साहेबांच्या गाडीला असाच होता."

"साठ!" मी ओरडलो.

"शेठ," तो म्हणाला, "घसा बसेल तुमचा."

ओट्यावर सूप थांबलं होतं. मी वळून पाहिलं नाही. तडक निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच काकू दारात. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पण बाजाराचा दिवस नव्हता.

"भाऊ, काल तुमी साठवर काहून गेले?"

"गिऱ्हाईक होतं ना काकू."

"कोनतं गिऱ्हाईक? फोर्क काय केळाचा घड हाय, आज नाई घेतला तं सडते?"

मी पाने-पेचकस आवरायला लागलो.

"मी तुमाले इतके वर्षं पाहून राह्यली. तुमी देवाच्या नारळालेबी कमी करून मांगता. तुमी आपल्या तोंडानं भाव चढवता, म्हंजे मालात खोट हाय. कुठं हाय ते सांगा."

चार वर्षांत त्या घरातल्या कोणीतरी मला पहिल्यांदा विचारलं. खरं सांगतो, छातीवरची धोंड उतरली.

"डाव्या नळीले. वरून चार बोटं. तडकली होती, पितळाचा टाका हाय."

"कवा मारला?"

"माह्याकडं यायच्या आंदीच."

"अन् त्याच्या भरोशावर मी मांगं बसून राळेगावले चालली होती."

"म्हनूनच तं साठ म्हनलो ना!"

"साठ म्हनलं तुमी. टाका हाय असं नाई म्हनलं." तिने पिशवी खांद्याला लावली. "चला घरी. आता माह्या समोर सांगा त्याईले."

रस्त्याने ती पुढे आणि मी मागे, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा. अंगणात फटफटी दाराकडे तोंड करून उभी होती. तो कोट घालून तयार. मी एका दमात बोलून टाकलं.

"नाकेदारसाहेब, फोर्कले टाका हाय."

"डाव्या नळीला," तो म्हणाला. "वरून चार बोटं."

मी वाकून नळीकडे पाहिलं, वर नुसता काळा रंग.

"तुमच्या गल्ल्यावर पैसे ठेवण्याआधीच पाहिला होता. त्याच आठवड्यात नळी उघडली, आतून पोलादी सळई बसवली, पुन्हा जोडली. आता ती उजवीपेक्षा पक्की आहे."

"मंग बोलले काहून नाई?"

"तुम्ही बोलता का ते पाहत होतो. अडीच महिने लागले तुम्हाला." मग त्याने हात मागे बांधले आणि शांतपणे म्हणायला लागला. मॅग्नेटची आतली तार जळालेली होती, सांगितलं नाही. मागच्या चाकाची चकती वाकडी, सांगितलं नाही. कार्ब्युरेटरचा तरंगता डबा गळका, सांगितलं नाही. चार वर्षांचं सगळं त्याला पाठ होतं. पैसे ठेवून तो क्षणभर उभा राहायचा तो पावतीसाठी नाही. मी तोंड उघडतो का हे पाहायला. तीस वर्षं ओंडके तपासले, आता मला तपासत होता. आणि दर वेळी मला बाजूला काढून ठेवत होता.

माझा ताबा सुटला. मी त्याला त्याच्याच अंगणात इतकं बोललो की रस्त्यावरची माणसं दारात जमली. "मी खोट दडपली, कबूल! पन तुमाले माहीत होतं हे तुमी दडपलं! माह्या मालाची खोट एका नळीत होती. तुमी चार वर्षं माह्यासमोर खोटे उभे राह्यले! एकदा इचारलं असतं तं अर्ध्या पैशात माल दिला असता अन् खोटबी सांगतली असती. हा कोनता धरम हाय? मी धंदा करत होतो. तुमी काय करत होते?"

हा प्रश्न मी आजही विचारतो. त्याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही. लोक हसतात आणि म्हणतात, नाकेदाराने शेठला धरला. धरला कसला? जाळं टाकून चार वर्षं बसणाऱ्याला प्रामाणिक म्हणायचं असेल तर म्हणा.

पण त्याला बोलायचं माझं राहून गेलं ते काकू बोलली.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"अन् काल भाऊ साठवर गेले, घाम फुटला होता त्याईले, तवाबी माहीत होतं?"

"हो."

"मजा येऊन राह्यली होती?"

"मजा नाही," तो म्हणाला. "पडताळणी."

काकूने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मले तरी सांगाचं."

"तुला सांगायचं कारण नव्हतं. मी पक्कं केलं होतं."

"हो ना. तीस वर्षं मलेबी असंच पाहून राह्यले असान, मी काही बोलते का म्हनून." ती इतक्या हळू बोलली की दारातल्या लोकांना ऐकू गेलं नसेल. मग आवाज चढला. "एकानं सांगतलं नाई. एकानं इचारलं नाई. अन् तुमा दोघाईच्या मधात मी बसू? मले नाई बसाचं त्या फटफटीवर. मी यष्टीनं जाईन."

त्याला वाटलं, राग आहे, उतरेल. आठ दिवस तो रोज फटफटी चालवून आणत होता, खड्ड्यांतून मुद्दाम नेत होता, फोर्कला काही होत नाही हे दाखवायला. काकूला फोर्कचं काही नव्हतंच. हे मला समजत होतं, त्याला समजत नव्हतं. जे दिसत नाही ते त्याला कळायचंच नाही. समजूत घालायला चार शब्द लागतात, पुढे मागे सरकावं लागतं, आपण थोडं उतरावं लागतं. ते त्याला कुठून येणार? तो एकदा म्हणाला, "फटफटीवर चल." ती म्हणाली, "नाई." संपलं. पहिला शब्द तोच शेवटचा.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी मी यष्टी स्टँडवर गेलो होतो, एका ट्रकवाल्याला गाठायला. काकू हिरवं लुगडं नेसून खिडकीजवळ बसली होती. पिशवीच्या जागेवरून कंडक्टरशी तिचं चालू होतं आणि कंडक्टर हरत होता. बस निघाली. तिच्यामागे, धुळीतून, रबरी भोंगा वाजवत, तो निघाला. ताठ बसलेला, डोक्यावर टोपी, मागचं आसन रिकामं. सगळा स्टँड हसला. सगळ्यांत मोठ्याने मी.

दोन दिवसांनी काकू परत आली, तीही यष्टीनेच. मी भिंतीवरून विचारलं, "काय म्हने भाऊ तुमचा?"

"काय म्हनन? मी उतरली, मांगून हे आले, डोक्यापासून पायापर्यंत निरे मातीनं भरलेले. भुवया दिसून नोहत्या राह्यल्या. माह्या भावानं पाह्यलं अन् चारचौघात इचारलं, काहून जावईबाप्पू, बस चुकली काय?"

मला हसू आवरेना. भिंत धरून हसलो. नाकेदार अंगणाच्या कोपऱ्यात बसून चाकाच्या आऱ्यांमधली माती काडीने काढत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

काकू हसत नव्हती. "हासता काय भाऊ," ती म्हणाली. "त्या फटफटीले यष्टीच्या समोर काढाले किती येळ लागते? नाल्यावर बस थांबली, चढावावर थांबली. त्याईनं एकदाबी समोर नाई काढली. राळेगाव येईपर्यंत माह्या खिडकीच्या मांगं मांगं, ते सारी माती खात आले. मले दिसून राह्यले होते."

मी भिंतीवरचा हात काढला.

"पट्टा घसरत असन, काकू," मी म्हणालो.